अस्वान : आधी खाण, मग धरण

मंडळी, इजिप्तमधल्या अस्वानला गेलेला पर्यटक उंच धरणावर दहा मिनिटं थांबतो, फोटो काढतो आणि ‘यात बघण्यासारखं काय आहे?’ असं म्हणत बसमध्ये चढतो. माझा आग्रह आहे, आधी दगडाची खाण बघा. मग धरण दिसायला लागतं.

गावालगतच, नाईलच्या पूर्वेला, तांबूस ग्रॅनाइटची खाण आहे. तिथे एक ओबेलिस्क, म्हणजे देवळापुढे उभा करायचा एकसंध दगडी स्तंभ, आजही आडवा पडून आहे. लांबी जवळजवळ ४२ मीटर, वजन हजार टनांहून जास्त. काम सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, बहुधा हत्शेप्सुत या राणीच्या काळातलं. भोवतीच्या चरात डोकावून बघा. एक माणूस जेमतेम बसेल एवढी त्याची रुंदी. भिंतींवर ओंजळीएवढे उथळ खळगे, एकाशेजारी एक. छिन्नीची खूण नाही, कारण तांब्या-काशाची छिन्नी ग्रॅनाइटपुढे टिकत नाही. कामगार डोलेराइटचे गोटे हातात धरून खडक ठेचत होते. डोलेराइट म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा सख्खा भाऊ! ठेचायचं, भुगा बाजूला करायचा, पुन्हा ठेचायचं. किती खोल गेलो ते मोजायला गेरूच्या रेघा मारलेल्या आहेत.

आणि मग दगडाला तडा गेला. लहान स्तंभ तरी निघतो का, म्हणून त्यांनी आतल्या बाजूला नवी आखणी करून पाहिली. तेही जमलं नाही. ती आखणी बघताना त्या माणसांबद्दल फार वाईट वाटतं.

असे दगड शेकडो किलोमीटर दूर थेब्जला, म्हणजे आजच्या लक्झोरला जायचे ते नदीवरून. त्यासाठी पूर मोठा आधार होता, पाणी चढलं की अवजड होड्यांना वाट मोकळी. खाण इथे चालली ती खडकाइतकीच नदीच्या जोरावर.

तोच पूर पुढे माणसाने अडवला. १९०२ मध्ये इंग्रजांनी बांधलेलं जुनं धरण याच ग्रॅनाइटचं आहे. त्याच्या वरच्या अंगाला सोव्हिएत मदतीने उंच धरण झालं, १९६० ते १९७०. लोकांना वाटतं ती काँक्रीटची भिंत असेल. तसं नाही. तो दगड-वाळूचा भराव आहे, पोटात चिकणमातीचा गाभा. उंची १११ मीटर, पायथ्याची रुंदी मात्र ९८० मीटर! नदी वळवायला कालवा खोदला, त्यातून निघालेला ग्रॅनाइटही या भरावात गेला. माथ्यावर उभं राहून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पर्यटक हिरमुसतो. बारा टर्बाइनांनी २,१०० मेगावॉट विजेची सोय झाली, पण पुराबरोबर शेतात येणारा गाळ थांबला आणि नूबियातली, म्हणजे धरणाच्या दक्षिणेकडच्या नदीकाठच्या प्रदेशातली, गावंच्या गावं पाण्याखाली गेली. हा हिशेब कुणी सोपा करून सांगू नये.

जलाशय भरण्याआधी अबू सिंबेलची, नूबियातल्या डोंगरात कोरलेली प्राचीन देवळं कापून ६५ मीटर वर नेली, १९६४ ते १९६८. त्या कामाला क्रेन होत्या, यंत्रं होती. पण दर्शनी भागात, मूर्तींच्या चेहऱ्यांपाशी, यंत्राच्या हादऱ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. तिथला छेद हातकरवतीने, मिलिमीटर सांभाळत घेतला. त्यासाठी इटलीतल्या काराराच्या संगमरवराच्या खाणींतले कारागीर आणले होते.