ओल किती खोल गेली?

(दृश्य: जूनचा पहिला आठवडा. नांगरलेली काळी जमीन. दुरून पक्ष्याचा आवाज.)

ऐकलात? हा पावशा. मृग जवळ आला की त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला शब्द ऐकू येतात: पेरते व्हा, पेरते व्हा. आभाळात ढगाचा पत्ता नसला तरी याचं सांगणं तेच.

माणसानं आशावादी असावं, निराशावादी की वास्तववादी, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा सावलीत बसून विचारतो. आम्ही तो घेऊन कोरडवाहू शेतात आलो. इथं उत्तर चुकलं तर बियाणं मातीत जातं आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणापुढे तरी हात पसरावा लागतो.

कापसाच्या पट्ट्यात धूळपेरणी करतात. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक चार दिवस पुढे निघतं. एखादी हलकी सर पडून पावसानं तोंड फिरवलं, तर बी फुगतं, मोड फुटतो आणि जमिनीतच करपतो. या धाडसाला वेडेपणा म्हणायला मी तयार नाही. ज्याच्या दारात ना बैलजोडी ना ट्रॅक्टर, त्याला वाफसा आल्यावर, म्हणजे पावसानंतर जमीन पेरणीजोगी झाल्यावर, दुसऱ्याच्या बैलांची-ट्रॅक्टरची पाळी कधी मिळणार? सगळा गाव तेव्हा एकदमच शेतात उतरतो.

(दृश्य: पहाट. शेतात मांडलेले घट, भोवती गर्दी.)

बुलढाणा जिल्ह्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेला इथं शेतात घट मांडतात. 18 प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते बघून पावसाचं भाकीत सांगतात. याला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. पण जमलेली माणसं मला कळतात. यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, हे पंचांगात बघायला लावणारी आजीसुद्धा कळते. पुढचे चार महिने अंधारात असताना कशाला तरी धरून राहावं लागतं.

हवामान खातं 1886 पासून पावसाळ्याचा अंदाज देतं. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी 87 सेंटिमीटर. 2023 साली तिच्या 94 टक्के पाऊस झाला. सहा टक्क्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण त्या वर्षीचा ऑगस्ट हा 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सोयाबीन फुलावर, शेंगेवर येतं ते ऑगस्टमध्येच. देशाची सरासरी खरी असली, तरी एका बांधाआतल्या जमिनीला तिचा उपयोग किती?

म्हणून हा दुसरा हिशेब बघा.

(दृश्य: ओसरीवर ओलं गोणपाट. त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडलेलं सोयाबीन.)

घरचं बियाणं पेरायचं तर आधी त्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात. आठवडाभर पाणी शिंपडत राहायचं, मग उलगडून मोड मोजायचे. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं. आणि पाऊस 75 ते 100 मिलीमीटर झाल्याशिवाय पेरणीची तिफण बाहेर काढायची नाही.

हे दाणे मोजणारा माणूस कोणता वादी? मोजणं हे कोरड्या मनाचं काम, असं आपण धरून चालतो. पण ज्यानं पेरायचं नक्की केलंय, तोच मोजतो. माझं मत असं की पेरायचं की नाही हे आशेनं ठरवावं, पण तारीख तिच्यावर सोडू नये.

आणि निराशेलाही शेतात जागा आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी असतात ना, ती तिची जागा. पाऊस दगा देणार असं धरूनच त्या पेरलेल्या असतात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत संपतं. तूर मुळं खोल सोडते, पावसाचा खंड सोसते आणि सोयाबीन निघून गेल्यावरही उभी असते. वाईटाचा विचार केलेला असतो म्हणून त्या वर्षी घरात डाळ असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारनं हाच विचार सगळ्या गावाचा केला. पोपटराव पवार सरपंच असताना गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या. पुढे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागलं. पाऊस किती झाला, प्यायला किती लागेल, जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी पीकही कमी.

(दृश्य: पुन्हा ती ओसरी. आई गोणपाट उलगडते आहे. मुलगा शेतातून आलाय, बोटं चिखलानं माखलेली.)

"किती निघाले गं आई?"

"बहात्तर. ओल किती गेली रे?"

"चार बोटं. खाली सगळं कोरडं."

ती काही बोलत नाही. बियाण्याच्या पोत्याचं तोंड पुन्हा बांधते, पोतं भिंतीपासून जरा पुढे ओढून ठेवते. बाहेर पावशा ओरडतोच आहे.