गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मंडळी, गिअर कडक लागायला लागला की कुणीतरी सांगतं, "क्लचची प्लेट गेली." आणि गाडी थेट गिअरबॉक्स उतरवायला जाते. प्रत्यक्षात दोष कित्येकदा बाहेरच असतो, केबलमध्ये नाहीतर पेडलपाशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून माझा आग्रह एवढाच, की आधी तपासा, मग खोला.

क्लचचं काम दोन शब्दांत सांगतो: धरणं आणि सोडणं. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते. आपण पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग डायफ्राम स्प्रिंग दाबतं आणि पकड सुटते. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की तुमचा क्लच धरत नाही की सोडत नाही?

धरत नसेल तर तो घसरतो. जोतिबाचा डोंगर चढताना, किंवा कोकणातून परतताना करूळ घाटात, इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. जळका वास येतो. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40-50च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग मात्र तिथंच राहिला, तर क्लच घसरतोय. तरीही लगेच प्लेटचा निकाल लावू नका. केबलच्या गाडीत प्लेट झिजते तसा पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, कमी होत जातो. तो संपला की पाय काढल्यावरही बेअरिंग थोडं दाबलेलंच राहतं, आणि बरी प्लेटसुद्धा घसरायला लागते. पेडल हातानं हलकं दाबून बघा. बऱ्याच गाड्यांत 1 ते 2 सेंटिमीटर मोकळं जायला हवं. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. केबलला ॲडजस्टमेंट असेल तर ते काम पान्यानं होतं.

आता दुसरी तक्रार, गिअर पडत नाही. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात आणि चालू असताना कडक जातात, रिव्हर्सला खर्रकन आवाज येतो, तर क्लच सोडत नाही. बंद असतानाही कडकच असतील तर क्लचला हात लावू नका, गिअर लिंकेज, म्हणजे दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, बघा. ही एवढी चाचणी मला फार मोलाची वाटते. ती जागेवर बसून होते आणि तिला दमडीही लागत नाही.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा पंप करून बघा. मग गिअर पडला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर आतून गळतोय. पायाखालचं मॅट उचला, पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा रॉड ओला आहे का बोट लावून बघा. डब्यातल्या क्लच ऑइलची पातळी उतरलेली असेल तर गळती शोधा, नुसतं वर भरून पुढं जाऊ नका. आणि तिथं ब्रेक फ्लुइडच घाला. इंजिन ऑइल गेलं तर रबरी सील फुगतात. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो, म्हणजे मग ब्रेकही धोक्यात.

आवाजाचं थोडक्यात: पेडल दाबल्यावर आवाज येतो तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनचे रबरी आधार, तपासा.

एवढं करूनही दोष आतच निघाला, तर गिअरबॉक्स खाली येणारच. मग मात्र नुसती प्लेट बदलायचा मोह टाळा. मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचाच असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का बघा, चिरा नखानं चाचपून बघा. साधं फ्लायव्हील असेल आणि माप शिल्लक असेल तर आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं, होतं. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत मात्र ड्युअल-मास, म्हणजे आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असतं, त्याचं फेसिंग करू नका. घंटीतली, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणातली, धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. उडालेली धूळ फुप्फुसात जाते. तरुण मिस्त्रींना हे मी हात जोडून सांगतो.

आणि गाडी मालकांनो, जुना सेट मागून घ्या. रिव्हेट आणि लायनिंग (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) एका पातळीला आले असतील तर प्लेट खरोखर संपली होती. लायनिंग जाड आहे पण तेलकट आहे, तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील यांतलं कोणतं गळत होतं आणि ते बदललं का, हे गिअरबॉक्स वर चढण्याआधीच विचारा.