डिफर झालेल्या घरात

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

हळदीकुंकवाची गडबड असताना कार्यकारिणीनं मला वेळ दिला, कारण आपल्या मंडळातली काही सीनिअर, म्हणजे इथे अमेरिकेत बारावीत असलेली मुलं या डिसेंबरात कॉलेजप्रवेशात डिफर झाली आहेत. म्हणजे कॉलेजनं हो किंवा नाही न सांगता निर्णय पुढे ढकललाय. कोण, ते मी सांगणार नाही, तुम्हीही आज कुणाला विचारू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं होतं, त्याबद्दल बोलते.

डिसेंबरच्या मध्यावरची संध्याकाळ. सात वाजता कॉलेजचं पोर्टल उघडणार होतं. खोलीत कोणी यायचं नाही, असं लेकीनं बजावलं होतं. मी आणि तिचा बाबा जिन्याच्या खालच्या पायरीशी उभे. प्रवेश मिळाला की स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडतो आणि कॉलेजचं गाणं वाजतं, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं. त्यामुळे कान सगळे गाण्याकडे. सात वाजले, सव्वासात झाले. गाणं नाही, रडणंही नाही. मग ती खाली आली, "डिफर" एवढंच म्हणाली आणि ताटं घ्यायला लागली. एरवी दहा हाका माराव्या लागतात, त्या दिवशी तिघांची पानं तिनं मांडली. लिंबाच्या फोडीसुद्धा वाढल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आईचा फोन. "पास की नापास?" दोन्ही नाही, म्हटलं. "मग किती मार्कांनी हुकलं?"

आईचं काय चुकलं? आपण सगळे तिथूनच आलोय. पीसीएमची बेरीज, कॉलेजच्या फळ्यावर लागलेली यादी, कटऑफ, मग पुढची फेरी. अर्ध्या टक्क्यानं हुकलं तरी जीव जळायचाच, पण त्या जळण्याला आकडा होता. इथे आकडा नाही. तुमचा अर्ज नियमित फेरीत पुन्हा पाहू, असं पत्रात असतं. का, ते नसतं. सगळं भिजत घोंगडं. मग कारणं आपणच शोधायला लागतो. मीही शोधली. "त्या उन्हाळ्यात तुला सांगत होते, एखाद्या लॅबमध्ये जा," असं मी तिला तिसऱ्या दिवशी बोलून गेले. ती काही बोलली नाही. ते वाक्य मला आजही टोचतं.

म्हणून आधी डिफर म्हणजे काय ते नीट सांगते, कारण मला स्वतःला ते आठवडाभर कळलेलं नव्हतं. अर्ली डिसिजनचा अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला जातो, एकाच कॉलेजला. घेतलंत तर येणारच, अशा करारावर मूल, पालक आणि शाळेचे समुपदेशक सह्या करतात. डिसेंबरात उत्तर येतं. डिफर झालं की अर्ज नियमित फेरीच्या गठ्ठ्यात जातो आणि निकाल मार्चअखेरीच्या सुमारास लागतो. पण त्याच क्षणी तो करार सुटतो. मार्चमध्ये त्यांनी घेतलं, तरी जायलाच हवं असं नाही. १ मेपर्यंत सगळ्या कॉलेजांची आर्थिक मदतीची पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ठरवता येतं.

ज्या घराला फीचा हिशोब करावा लागतो, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. अर्लीमुळे सुस्थितीतल्या मुलांचं फावतं, असं म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपापल्या अर्ली फेऱ्या बंद करायचं जाहीर केलं होतं. प्रिन्स्टनची फेरी अशी बांधून घेणारी होती, हार्वर्डची तर तशीही नव्हती. २०११ मध्ये दोघांनी अर्ली परत आणलं. माझं मत विचाराल तर त्यांचं पहिलं म्हणणंच बरोबर होतं.

दुसरं, या शब्दावरून "अगदी थोडक्यात हुकलं" किंवा "आता काही आशा नाही" असं काहीच काढू नका. एमआयटीची अर्ली फेरी बांधून घेणारी नाही, पण तिथे अर्ली भरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं डिफर होतात. काही कॉलेजं मोजक्याच मुलांना ठेवतात, बाकीच्यांना तिथल्या तिथे नकार देतात. तेव्हा आपलं कॉलेज दरवर्षी काय करतं, हे शाळेच्या समुपदेशकांना विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

सगळ्यात वाईट असतात ते पुढचे पंधरा दिवस. नियमित फेरीच्या तारखा बहुतेक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. अर्लीत होणारच, या भरवशावर आमच्या लेकीनं सात कॉलेजांचे निबंध लिहिलेच नव्हते. मन मोडलेलं, आणि लिहायचं काय, तर "आमच्याच कॉलेजात का यायचंय?" सात वेळा. नाताळच्या सुट्टीत ती रात्री दोनपर्यंत बसायची आणि सकाळी सगळं पुसून टाकायची. इथे ज्युनिअर, म्हणजे अकरावीतल्या मुलांचे आईबाबा बसलेत, त्यांना हात जोडून सांगते: बाकीचे निबंध थँक्सगिव्हिंगपर्यंत, नोव्हेंबरअखेरीपर्यंत लिहून झालेले असू द्या. अर्लीत झालं तर फाईल उघडायचीच नाही, बिघडलं काय? अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते, जानेवारीत अर्ज आणि साधारण फेब्रुवारीत निकाल. पण तीही बांधून घेते. दुखावलेल्या मनानं घाईत तिथे सही करू नका.

आता पत्र. डिफर झालेलं मूल कॉलेजला कळवू शकतं की मला अजून यायचंय आणि नोव्हेंबरनंतर माझ्याकडे हे नवीन आहे. त्याआधी कॉलेजनं काय सांगितलंय ते वाचा. कुणी पोर्टलवर फॉर्म देतं, कुणी एकच पत्र चालेल म्हणतं, कुणी काहीही पाठवू नका म्हणतं. नका म्हटलं असेल तर नका.

आमच्याकडे पहिला खर्डा दोन पानी झाला. त्यात निम्मं माझं होतं. लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे. तिनं ते शांतपणे काढून टाकलं. उरलं काय, तर आमच्या गावच्या वाचनालयात ती दर शनिवारी देशात नव्यानं आलेल्या बायकांकडून ड्रायव्हिंगच्या लेखी परीक्षेची तयारी करून घ्यायची, आणि नोव्हेंबरनंतर त्यातल्या चौघी पास झाल्या होत्या. त्यातल्या एका आजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून लेकीनं रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं पुठ्ठ्यांवर काढली होती. हे पुठ्ठे मी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिले होते, आवर म्हणून ओरडलेही होते. ते कशासाठी आहेत, हे मला तिच्या पत्रातून कळलं.

शेवटी एक वाक्य होतं: तुम्ही घेतलंत तर मी नक्की येईन. ते खरं असेल तरच लिहायचं, असं तिच्या समुपदेशकांनी सांगितलं होतं. दोन दिवस ती त्या एका ओळीपाशी अडली. तिसऱ्या दिवशी तिनं ती ओळ खोडली. "आई, मला आता तसं वाटत नाहीये," म्हणाली. मी विरोध करणार होते. तिच्या बाबानं माझा हात दाबला. पत्र तिनंच पाठवलं. पालकांनी कॉलेजला फोन करायचा नाही, मेल करायची नाही, कुणाच्या ओळखीनं निरोपही धाडायचा नाही.

आणि अभ्यास सोडू देऊ नका. पहिल्या सत्राचे गुण शाळा आत्ता, जानेवारी-फेब्रुवारीत कळवते, आणि डिफर झालेल्या मुलाच्या अर्जात बहुतेक वेळा तेवढीच एक नवीन गोष्ट असते.

मार्चअखेरीस त्या कॉलेजनं नाही म्हटलं. लेक आज आपल्याच राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि शनिवारी वाचनालयात अजूनही जाते, फक्त गाव वेगळं.

ती सुट्टीवर आलीये. अशीच डिफर झालेली अजून दोन मुलं तिच्याबरोबर आहेत. चार वाजता कॅफेटेरियाच्या मागच्या वर्गात ती तिघं बसतील. सीनिअर मुलांनी पत्राचा खर्डा असेल तर घेऊन जावं, नसेल तर तसंच जावं. पालकांनी तिकडे फिरकायचं नाही. चहा आणि गुळाच्या पोळ्या आम्ही आधीच आत ठेवल्यात.