डोकं नेहमीचं, मान नवी

काळ्या ठिपक्याला बिलगलेली ही पांढरी कोर बघा, बीजेच्या चंद्रासारखी. मानेचा एमआरआय आहे. काळा ठिपका म्हणजे धमनीतून वाहणारं रक्त. पांढरी कोर म्हणजे धमनीच्या भिंतीतच साकळलेलं रक्त.

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात. पुढच्या दोन कॅरोटिड, मागच्या दोन व्हर्टिब्रल. भिंतीला थर तीन. आतल्या थराला चीर पडली की रक्त थरांमध्ये शिरतं, भिंत फुगते, वाट अरुंद होते. यालाच डिसेक्शन म्हणतात. त्यासाठी मोठा अपघातच व्हावा लागतो असं नाही. मानेला हिसका बसणं, कडकन मान मोडून घेणं, खोकल्याची जोराची उबळ, एवढंही पुरतं. कधी कारण सापडतच नाही.

मागच्या धमन्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यांत वरच्या दोन मणक्यांपाशी वळसे घेतात. मान वळली की ताण इथे येतो.

डिसेक्शनचं दुखणं वरवर अर्धशिशीसारखंच, एका बाजूचं, कधी ठणकणारं. त्यात अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये डिसेक्शन जरा जास्तच आढळतं. म्हणून ‘माझं नेहमीचंच आहे’ हे वाक्य फसवं.

अर्धशिशी जुनी असली की तिची चाल ठाऊक असते. काहींच्या डोळ्यांपुढे झगमगती नागमोडी रेघ हळूहळू पसरते आणि साधारण 5 ते 60 मिनिटांत विरते. डिसेक्शनचं दुखणं अनोळखी असतं. मानेत, जबड्यात, डोळ्यामागे. कित्येकदा दिवसेंदिवस टिकणारं. पण डोकं धरून आलेल्याला ‘मान दुखते का?’ असं विचारतं कोण?

आता हे डोळे. दिवा मंद केलाय. एक बाहुली मोठी झाली, दुसरी लहानच राहिली, आणि त्याच बाजूची पापणी किंचित उतरलीय. कॅरोटिडभोवतीच्या मज्जातंतूंना इजा झाली की असं होतं. काहींना त्याच बाजूच्या कानात नाडीच्या ठेक्यावर घूं घूं ऐकू येतं.

चिरेपाशी धरलेली गुठळी सुटून मेंदूत अडकली, तर पक्षाघात. तरुण वयातही. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, तोल सुटला, तर थेट इस्पितळ गाठायचं.

मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला तरी मानेच्या धमन्या तपासल्या असं होत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं चित्रण, लागते. पुढे बहुधा 3 ते 6 महिने गुठळी रोखणारं औषध.

ही तीच मान, 6 महिन्यांनंतर. काळा ठिपका पूर्ण गोल. कोर नाही.