कॅटमधलं झाकलेलं पान

[दृश्य: सतरंजीवर पत्त्यांचा कॅट. हात पानं पिसतो, वरचं पान न बघता पालथंच बाजूला सरकवतो.]

हे पालथं पान कोणीही पाहिलेलं नाही. आता उरलेली 51 पानं एकेक करून उलटायची, आणि शेवटचं पान पडलं की सांगायचं: झाकलेलं पान मोठं, छोटं की मधलं? खेळ एवढाच.

यातली मोजणी ब्लॅकजॅकची, म्हणजे कॅसिनोत पैसे लावून खेळतात त्या पत्त्यांच्या खेळाची. कोणती पानं पडून गेली यावर पुढच्या डावाचं पारडं हलतं, हे अमेरिकी गणिती एडवर्ड थॉर्प यांनी 1962 मध्ये लोकांसमोर आणलं. मोजायची ही सुटसुटीत रीत 1963 मध्ये हार्वी डबनर यांनी मांडली. एक पैसाही न लावता ती डोक्याचा पुरेपूर कस पाहते.

दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं प्रत्येक पान अधिक एक. सात, आठ, नऊ शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का उणे एक. छोटी पानं 20, मोठीही 20, मधली 12. म्हणून अख्खा कॅट मोजला तर बेरीज शून्यावरच यायला हवी. एक पान झाकलेलं असताना उत्तर अधिक एक आलं, तर ते पान मोठं. उणे एक आलं, तर छोटं. शून्य आलं, तर मधलं.

[दृश्य: पानं सावकाश पडतात.]

राजा: उणे एक. पंजी: शून्य. तिर्री: एक. आठ: एकच. चार: दोन. एक्का: पुन्हा एक.

बसण्याआधी जोकर काढा आणि पानं 52 भरतात का ते बघा. जुन्या कॅटमधलं एखादं पान हरवलेलं असतं, आणि मग माणूस आपल्याच डोक्याला दोष देत बसतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शून्याच्या खाली. ‘उणे तीन’वर छोटं पान पडलं की घाईत ‘उणे चार’ म्हटलं जातं. त्यावर चांगला उपाय आहे. सुरुवात शून्याऐवजी 20 पासून करा. मोठी पानं 20 च असल्यामुळे आकडा उण्यात जाऊच शकत नाही. पूर्ण कॅटचा शेवटही 20 वर होतो.

दुसरी चूक दश्शीची. ठिपक्यांची गर्दी पाहून ती नऊसारखी वाटते आणि शून्यात जाते. नजर पानाच्या कोपऱ्यावर ठेवा. पूर्ण कॅट मोजून उत्तर दोनने चुकलं, तर बहुधा एखाद्या पानाचं चिन्ह उलटं धरलं गेलंय. एकने चुकलं, तर एखादं मोठं किंवा छोटं पान निसटलंय, नाहीतर मधलं पान उगाच मोजलंय. उत्तर बरोबर आलं तरी दोन चुकांनी एकमेकींना झाकलेलं असू शकतं, म्हणून एका डावावर भरवसा ठेवू नका.

वेग जोड्यांनी येतो. राजा आणि पंजी एकत्र दिसले की काहीच मोजायचं नाही, नजर पुढे. दोन चित्रं आली की थेट दोन वजा. आधी दोन मिनिटं लागली तरी चालतील. अचूकता बसली की 30 सेकंदांचं लक्ष्य ठेवा. मग शेजारी कोणालातरी गप्पा मारायला बसवा. खरी परीक्षा तिथे आहे.

[दृश्य: चौघं मेंढीकोट खेळताहेत.]

मेंढीकोटात अधिक-उणे नाही, पण सवय तीच. हुकमाची पानं 13. तुमच्या हातात 4 आली, तर बाहेर 9. इतरांचा हुकूम पडला की एक कमी करा. तुम्ही टाकलेला मोजू नका, तो आधीच वजा झालाय. हुकूम डावाच्या मध्येच ठरत असेल, तर पहिल्या हातापासून चारही रंगांवर लक्ष हवं. नवाचे दोन झाले, की हातातली मेंढी, म्हणजे दश्शी, आत्ता उतरायची का, ते त्या दोन पानांकडे बघून ठरवायचं.