जरीर आणि फरझदक: 40 वर्षांचं भांडण

नमस्कार मंडळी. इराकमधल्या बसरा शहराला लागूनच मिर्बद नावाचा उंटांचा बाजार भरायचा, आणि साधारण 1300 वर्षांपूर्वी, उमय्या खलिफांच्या काळात, लोक तिथे कविता ऐकायलाही तुफान गर्दी करायचे. एका घोळक्यात कवी फरझदक, दुसऱ्यात कवी जरीर. दोघंही तमीम टोळीचेच बरं का, म्हणजे तसे भाऊबंदच, आणि भाऊबंदकी चालली जवळजवळ 40 वर्षं!

या प्रकाराला म्हणायचे नकाइद. समोरच्याने ज्या वृत्तात, ज्या यमकात तुमची अब्रू काढली, त्याच वृत्तात आणि त्याच यमकात तुम्ही त्याची काढायची. म्हणजे शिव्या द्यायच्या तरी आधी त्याची कविता कान देऊन ऐकायला लागते, शब्दन्‌शब्द लक्षात ठेवायला लागतो, आणि मला खरंच हेच फार आवडतं.

फरझदकचं घराणं मोठं. त्याचा आजा सअसआ जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुली पैसे मोजून सोडवायचा, आणि नातू ते सांगताना थकायचा नाही, हे माझे बापजादे, आता जरीर, तू तुझे आण बघू! जरीरच्या घरी काय, शेळ्यामेंढ्या. मग तो उलट याला लोहाराची अवलाद म्हणून डिवचायचा.

एक गोष्ट अशी सांगतात, की एकाने जरीरला विचारलं, सगळ्यात मोठा कवी कोण? जरीर त्याला घरी घेऊन गेला. बाप शेळीच्या आचळाला तोंड लावून दूध पीत होता, दाढीवरून ओघळ चाललेले. जरीर म्हणाला, हा माझा बाप, आणि असं का पितो माहितीये? धारेचा आवाज झाला तर कोणी दूध मागायला येईल म्हणून! असल्या बापाच्या नावावर 80 कवींशी भिडून जो सगळ्यांना पुरून उरला, तो मोठा कवी.

फरझदकची बाजू घेणारेही होते. खलिफा अब्द अल-मलिकच्या दरबारातला ख्रिश्चन कवी अख्तल त्यातलाच. आणि नुमैर टोळीचा कवी राई, तोही फरझदकच्याच बाजूने बोलला, तर त्याच्यावर जरीरने रातोरात कविता रचली, ‘नजर खाली घाल, तू नुमैरचा आहेस’, आणि म्हणतात की पुढे त्या टोळीची माणसं आपल्या टोळीचं नाव सांगायला लाजायची. बोलला एकटा राई आणि भोगलं अख्ख्या टोळीने, हे वाचताना मला अजून वाईट वाटतं.

इसवी सन 730 च्या आसपास फरझदक गेला. बातमी आली तेव्हा जरीर अरबस्तानातल्या यमामा भागात होता, म्हणे आधी सवयीने टोमणाच निघाला तोंडातून, आणि मग म्हातारा रडायला लागला, म्हणाला आमचा तारा एकच होता, आता मीही फार दिवस नाही. फरझदकवर शोकगीत लिहिलं त्याने, आणि थोड्याच दिवसांत तोही गेला.