शेरूचे आजोबा, ब्रूनोची आई

(पडद्यावर : वेताळ टेकडी, पुणे. सकाळचे पावणेसहा. चढणीवर माणसं, पुढे कुत्री.)

या टेकडीवर माणसांना आडनावं नसतात. ‘शेरूचे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, बरे आहेत ना?’ अशी चौकशी होते. आजोबा नोकरीला कुठे होते, कुठल्या सोसायटीत राहतात, कुणाला फारसं ठाऊक नसतं. शेरूला गाजर आवडतं आणि सुतळी बॉम्ब वाजला की तो पलंगाखाली जातो, हे मात्र सगळ्यांना पाठ. ब्रूनोची आई, राणीचा दादा, मोतीची मावशी. कुत्र्याच्या नावानं ओळखलं जाण्यात इथे कुणालाच कमीपणा वाटत नाही.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ, एका अंगाला दगडाची जुनी खाण, आणि लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पंचवटी, कोथरूड अशा सगळ्या बाजूंनी वर येणाऱ्या वाटा. उजाडायच्या आत माणसं चढायला लागतात. कुणी गुडघ्यांसाठी, कुणी साखरेसाठी, कुणी नुसतंच मोर दिसतात म्हणून. आणि बरेच जण, घरात कुणीतरी पाच वाजल्यापासून पट्टा तोंडात धरून दाराशी बसलंय म्हणून.

पावसाची सबब माणूस स्वतःला सांगू शकतो. कुत्र्याला सांगता येत नाही. पण व्यायाम होतो हा त्यातला छोटा फायदा. एकटा माणूस टेकडीवर येतो, कानात गाणी लावतो, चालतो, उतरतो. वर्षभर आला तरी कुणाशी ओळख होईलच असं नाही. सोबत कुत्रा असला की चार जण थांबवतात. ‘किती महिन्यांचा?’ ‘जेवतो का नीट?’ ‘डॉक्टर कोणते?’ दोन कुत्री एकमेकांचा वास घेत असतात, तोवर दोन्ही पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून गप्प बसणं अवघड होतं. काहीतरी बोलावंच लागतं.

(पडद्यावर : निरनिराळी कुत्री. पटापट.)

इथे लॅब्रडॉर आहेत, बीगल आहेत. 2003च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग चमकला आणि घरोघरी पग आले, त्यांचे वंशज अजून आहेत. चपट्या नाकाच्या या जातीला धड श्वास घेता येत नाही. त्याला एप्रिलच्या उन्हात चढावर ओढणं म्हणजे हौस नव्हे, छळ आहे. बर्फातला हस्की पुण्यात आणून त्याच्यासाठी दिवसभर एसी लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं! टेकडी खरी मानवते ती गावठी कुत्र्यांना. लांब पाय, आखूड केस, कान उभे. दगडांवरून अशी जातात, की आपण मागून फक्त बघत राहायचं. क्वचित एखादा कारवानही दिसतो, सोलापूर-मराठवाड्याकडून आणलेला. त्याला पळायला ही टेकडी अपुरी पडते.

उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता लागतो. डांबराला हाताची मागची बाजू लावून पाहायची. पाच-सात सेकंद ठेवता आली नाही, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ती धग सोसायची नाही. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला जवळपास एकच मार्ग, तो म्हणजे धापा टाकणं. म्हणून मार्च लागला की इथली मंडळी सात वाजता खाली उतरलेली असतात.

(पडद्यावर : ऑक्टोबर. पिवळं पडत चाललेलं गवत, वाऱ्यावर. मग एकदम जवळून : कुत्र्याचा पंजा, माणसाची बोटं, चिमटा.)

हे कुसळी गवत. पावसाळ्यात हिरवंगार, दसऱ्यापासून पुढे वैरी. त्याचं बी जवळून पाहा. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार, आणि मागे दोरीला पीळ द्यावा तशी लांब काळपट शेपटी. ओल लागली की ही शेपटी उलगडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि त्या फिरण्यानं बी मातीत आपोआप खोल जातं. गवताची ही स्वतःची पेरणीची सोय. पण तेच बी कुत्र्याच्या दोन बोटांच्या मध्ये अडकलं, की त्याला माती आणि कातडी यांत फरक कळत नाही. ते आत घुसत राहतं. टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे मागे येत नाही. दोन दिवसांनी पंजा सुजतो, पू होतो. कानात गेलं तर कुत्रा डोकं झटकत राहतं आणि घरच्यांना वाटतं पाणी गेलं असेल.

म्हणून या दिवसांत देवळाजवळच्या दगडांवर रोज एक बैठक बसते. कुत्रं आडवं पाडायचं, एकानं डोकं मांडीवर घ्यायचं, दुसऱ्यानं पंजे तपासायचे. बोटं एकेक करून फाकवायची, काखा पाहायच्या, कान उलटे करायचे. चिमटा एकाकडे असतो, चष्मा दुसऱ्याकडे. ज्यांना घरात कुत्रं परवडत नाही किंवा सोसायटीत चालत नाही, अशी कॉलेजातली पोरंही येऊन बसतात आणि सगळ्यांत बारकाईनं काम करतात. कुसळं काढता काढता गोचीडही सापडतात. गोचिडाला हलकं घेऊ नये. त्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स खाली येतात, कुत्रं जेवण सोडतं, कधी नाकातून रक्त येतं. डॉक्टर औषध देतीलच, पण पहिलं निदान बहुतेक वेळा इथे, दगडावर होतं. ‘याच्या हिरड्या पांढऱ्या दिसतायत, आजच्या आज दाखवा.’

(पडद्यावर : अरुंद पायवाट. समोरून एक बाई येतायत, पट्टा नसलेलं कुत्रं त्यांच्याकडे धावतंय.)

आता दुसरी बाजू. कुत्रेवाल्यांचं एक वाक्य साऱ्या पुण्यात प्रसिद्ध आहे. ‘काही करत नाही हो तो!’ समोरच्या बाई झाडाला चिकटून उभ्या असतात, आणि मालक वीस फुटांवरून हसत हसत हे सांगत असतो. त्यावर एका आजींनी दिलेलं उत्तर आमच्या कॅमेऱ्यात सापडलं : ‘तो करत नाही हे तुम्हाला माहितीय. मला काय माहीत? मला तो पहिल्यांदाच भेटतोय.’

याला उत्तर नाही. लहानपणी चावा बसलेला असतो, पोटात इंजेक्शनं घेतलेल्या पिढीतली माणसं असतात, कुणाच्या हाताशी लहान मूल असतं. भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. समोरून माणूस आला की पट्टा आखूड करून वाटेच्या कडेला उभं राहायचं, हा इथल्या जुन्या मंडळींचा रिवाज आहे. नव्यांना तो सांगावा लागतो, कधी जरा कडक आवाजात.

आणि घाबरणारी फक्त माणसंच नाहीत. मार्चपासून पुढे टेकडीच्या उघड्या माळावर टिटवी अंडी घालते. घरटं असं काही नसतंच. चार खडे बाजूला सारून केलेला खळगा, त्यात खड्यांच्याच रंगाची बहुतेक चार अंडी. तीन फुटांवरून बघितलं तरी दिसत नाहीत. कुत्र्याला मात्र वासानं कळतं. मग टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत, फडफडत, भलत्याच दिशेला जायला लागते. कुत्र्याला आपल्या मागे ओढून न्यायचं, एवढाच तिचा डाव. मोकळं सुटलेलं कुत्रं याला खेळ समजतं. लावे, चंडोल यांचीही तीच गत, सगळे जमिनीवर राहणारे. ‘टेकडी म्हणजे त्याचं मैदान’ म्हणणाऱ्यानं एकदा त्या टिटवीचं ओरडणं शांतपणे ऐकावं. आणि जिथे वनखात्यानं कुत्री आणू नका म्हणून पाटी लावली असेल, तिथे आणू नयेत. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

कुत्र्याची घाण उचलायच्या पिशवीचा विषय टाळून चालणार नाही. कुत्रं पोळी घेऊन पळालं, तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. वेताळ टेकडीवरचे भक्त पिशवी घेऊन धावतात. न धावणारेही आहेत. कॅमेरा पाहिला की तेही खिशात हात घालून काहीतरी शोधल्यासारखं करतात.

(पडद्यावर : खाणीच्या कडेला बसलेली भटकी कुत्री. एकाच्या कानाला खाच.)

ही टेकडीचीच. यांना घर नाही, पण पत्ता आहे. कानाला अशी खाच दिसली की समजायचं, नसबंदी झालेली आहे. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम 2023 साली नव्यानं आले. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, ही त्यातली पद्धत. त्यामागे हिशेब आहे. एखाद्या भागातली सगळी कुत्री हटवली तर जागा रिकामी होते, आणि शेजारच्या वस्तीतली, लस न झालेली कुत्री ती भरून काढतात. ओळखीची, लसवलेली टोळी आपल्या हद्दीत परकं कुत्रं सहजासहजी येऊ देत नाही. अर्थात हे सगळं कागदावर जितकं सोपं, तितकं पायवाटेवर नाही. रात्री एकट्यानं वाट काढणाऱ्याला टोळी आडवी येते तेव्हा त्याला नियम ऐकवून काय उपयोग? म्हणून खायला घालणाऱ्यांनी वाटेत, मुलं खेळतात तिथे घालू नये. जागा ठरवावी, वेळ ठरवावी, आणि उरलेलं उचलावं.

चावलंच कुणाला, तर हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की हातात जवळपास काही राहत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टाळता येतो. पाळलेल्या कुत्र्यालाही दरवर्षी टोचून घ्यायचं. पुण्यात महापालिकेचा परवाना काढायला हे प्रमाणपत्र लागतंच.

(पडद्यावर : माथ्यावरून दिसणारं शहर. इमारतीच इमारती.)

2023च्या एप्रिलमध्ये या टेकडीसाठी पुणेकर मोर्चानं रस्त्यावर उतरले होते. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे, असा प्रस्ताव होता, त्याला विरोध म्हणून. रस्ता हवा की नको यावर घराघरात दोन मतं आहेत. कोथरूडहून रोज सेनापती बापट रस्त्याला जाणाऱ्याचं मत वेगळंच असणार. पण टेकडीवर पाऊल पडतं त्याला तिच्याबद्दल मत असतं, एवढं खरं. इथली माणसं उन्हाळ्यात खालून बाटल्या भरून आणतात. अर्धं पाणी कुत्र्याला, अर्धं गेल्या पावसात लावलेल्या रोपाला. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यांत कुणीतरी रोज पाणी बदलतं. कोण ते विचारलं तर उत्तर येतं, ‘ते नाही का, टफीचे बाबा.’

(पडद्यावर : रविवार सकाळ. पायथ्याशी झाडाखाली टेबल, लसीचा बर्फाचा डबा, मुलं, कुत्री, एक वही.)

आज लसीकरण आहे. डॉक्टर फुकट आलेत, पोह्यांचे पैसे वर्गणीतून. पाळलेल्यांचं सोपं, रांगेत उभे आहेत. टेकडीवरच्या तांबड्याला पकडायला मात्र तासभर गेला. शेवटी ज्या आजी त्याला रोज भाकरी देतात त्यांनाच बोलवावं लागलं. आजींनी मान धरली, राणीच्या दादानं मागचे पाय, आणि डॉक्टरांनी बोलता बोलता सुई टोचली. तांबड्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि समोरच्या वाटीतल्या अंड्याकडे वळला.

वहीत नोंद करायची होती. नाव : तांबड्या. रंग : तांबडा. वय : अंदाजे. मालकाच्या रकान्यात लिहिणाऱ्या मुलीनं आडवी रेघ मारली. फोन नंबरच्या रकान्यात मात्र एवढे नंबर आले, की तिला पुढच्या ओळीत जावं लागलं.